नापास ढिगांचा केमिस्ट

नामदेव गेल्याची बातमी मला वरठीच्या फलाटावर मिळाली. नागपुरात तीन दिवस काढून परतत होतो, भंडाऱ्याला काम होतं म्हणून त्याच्या या स्टेशनावर उतरलो. पाळी सुटली होती, स्टेशनासमोरच्या कारखान्यातून सायकली आणि मोटारसायकली एकामागून एक बाहेर पडत होत्या. त्या गर्दीतून आमचा एक जुना वर्गमित्र हात करत आला. हा औषध कंपनीचा प्रतिनिधी. हातात बॅग, गळ्यात टाय, पायात धुळीने पांढरे झालेले बूट. म्हणाला, "नामदेव गेला बे. परवा. कावीळ झाली होती." मग "चांगला मानूस होता," म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं, "तुह्या खाणीत माह्या भाच्याचं काही जमून जाईल का? बी.एस्सी. झाला हाये. केमिस्ट्रीच."

नामदेव दिघोरेची खोली नाकाडोंगरीत, माझ्या क्वार्टरपासून अर्ध्या मैलावर. अठरा दिवस तो त्या खोलीत पिवळा पडत गेला आणि मला ते वरठीच्या फलाटावर कळलं, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला माझी दया येईल. ती येऊ नये. तो आजारी आहे हे मला पाचव्या दिवशीच कळलं होतं. उरलेले तेरा दिवस मी गेलो नाही.

पंधरा दिवसांनी आमच्या कॉलेजात शोकसभा झाली. आमचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख निवृत्त झाले आहेत, पण मुद्दाम आले. म्हणाले, नामदेवने स्वयंरोजगाराचा मार्ग निवडून तरुणांपुढे आदर्श ठेवला. एका संस्थाचालकाने त्याला विज्ञानाचा एकांतातला साधक म्हटलं. तिसऱ्याने तर त्याचं आडनावच चुकवलं, आणि कोणी दुरुस्त केलं नाही. यातल्या एकाही माणसाने जिवंतपणी त्याला बसायला खुर्ची दिली नव्हती. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. 'नाकाडोंगरी मॅंगनीज खाणीचे मुख्य रसायनतज्ज्ञ' अशी माझी ओळख करून देण्यात आली. मी उठलो आणि म्हणालो, तो माझा बालमित्र होता, त्याच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण झाली... टाळ्या नसतात अशा सभेत, म्हणून वाचलो. त्यानंतर वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी लेख मागितला गेला. तिथे जे बोललो ते इथे लिहिणार नाही.

आम्ही दोघे करडीचे. माझ्या घरी धानाची शेती. तो ढीमराचा, त्याच्या घरी तळ्यातली मासेमारी. त्याची आई डोक्यावर टोपली घेऊन आमच्या मागल्या दारी मासे द्यायला यायची, आणि तिच्या पदराआडून नामदेव माझ्याकडे पाहायचा. मॅट्रिकला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले तेव्हा माझ्या वडिलांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. पुढे आम्ही भंडाऱ्याला एकाच खोलीत राहिलो आणि दोघांनी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं. कसली आवड वगैरे नव्हती. डॉक्टरकीला मार्क कमी पडले होते आणि इथे जागा रिकाम्या होत्या. गावाला मात्र केमिस्ट्री म्हणजे औषधं, एवढंच ठाऊक. सुट्टीत घरी गेलो की कोणी पोरगं घेऊन येई, कोणी म्हातारीचा खोकला सांगे. एकदा एका म्हाताऱ्याने पाय सुजलेला बैल नामदेवच्या अंगणात आणून उभा केला. नामदेवने शांतपणे बैलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आजा, मी हा बैल जाळून त्याच्यात लोखंड किती हाये ते सांगू शकतो. बरा नाई करू शकत." म्हातारा बैल घेऊन निघून गेला, आणि गावभर सांगत फिरला की ढीमराच्या पोराला शिकून मस्ती आली.

मस्ती नव्हती. त्याला फालतूपणाची चीड होती, आणि फालतूपणा त्याला कुठेही दिसे. प्रॅक्टिकलला सर आकडे आधीच फळ्यावर लिहून टाकत, म्हणजे सगळ्यांचं उत्तर बरोबर येई. नामदेव स्वतःचं चुकलेलं उत्तर वहीत लिहायचा आणि कमी मार्क घ्यायचा. त्याचं उत्तर नेहमी थोडं चुके, कारण त्याच्या हाताला घाई होती. ब्युरेटच्या काचनळीतून परमँगनेटचा शेवटचा, रंग पालटणारा थेंब सोडताना तो एकाऐवजी तीन सोडून देई, आणि फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंगाऐवजी जांभळा भडका उडे. माझं तसं नव्हतं. अभ्यासात मी बेताचा, पण थेंब मला ओळखता यायचा. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राही. "तुह्या हाताले घाई नाई बे," म्हणे. त्याच्या तोंडून मला मिळालेली एवढीच शाबासकी, आणि मी तिच्यावर तीन वर्षं काढली.

आणीबाणीच्या वर्षी आमचं शेवटचं वर्ष संपलं. परीक्षेआधी विभागप्रमुखांनी वर्गाला बसवून 'रसायनशास्त्राच्या पदवीधरासाठी संधी' या विषयावर तासभर व्याख्यान दिलं. हे व्याख्यान ते दरवर्षी देत. पिवळ्या पडलेल्या कागदावर त्यांची यादी होती. नामदेव माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसून प्रत्येक संधीवर हळू आवाजात बोलत होता. सर म्हणाले, एम.एस्सी. करता येईल. "दोन वर्षं नागपुरात उपाशी राहून इथंच परत येऊन बसाचं." सर म्हणाले, बी.एड. करून शिक्षक होता येईल. "आपन पोरायले हेच शिकवाचं, ते पुढच्या पोरायले शिकवतीन. साखळी अभिक्रिया हाये." औषध कंपनीचे प्रतिनिधी. "टाय लावून डॉक्टरच्या दारात, चपलांच्या बाजूले." रंगाचे कारखाने, सिमेंट, साखर... ते सगळे इथून शेकडो मैलांवर, आणि तिथे त्यांची स्वतःची पोरं रांगेत उभी. गुन्ह्यातलं विष ओळखणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा. "मेल्यावर कामी येनारी विद्या." नगरपालिकेचा पाणीपुरवठा. "टाकीत पावडर टाकाले बी.एस्सी. लागते काय." वर्गात एकच मुलगी होती. तिच्याकडे पाहून सर हसले आणि म्हणाले, मुलींना घरातही विज्ञानाचा उपयोग होतो. नामदेव तेव्हा पेनाचं टोपण उघडून बंद करत राहिला. मग सरांनी आवाज खाली आणून सांगितलं की आपल्याकडे मॅंगनीजच्या खाणी आहेतच. ज्या सुरात वाढपी उरलेली भाजी पुढे करतो, तोच सूर. आणि शेवटी स्वयंरोजगार, म्हणजे घरच्या घरी साबण, फिनाईल. त्यावर सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

त्यानंतरचं वर्ष अर्ज करण्यात गेलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण ज्याने ते वर्ष काढलं त्याला ते ठाऊक आहे, आणि ज्याने काढलं नाही तो सल्ले देतो. एका कारखान्यात आम्हा दोघांना मुलाखतीला बोलावलं. समोरच्या तिघांपैकी एकालाही रसायनशास्त्र येत नव्हतं. त्यांनी नामदेवला विचारलं, "वडील काय करतात?" तो म्हणाला, "मासे धरतात." मधला माणूस हसून म्हणाला, "मग तुम्ही कशाला इकडे आलात?" नामदेव म्हणाला, "पाण्यात काय असते ते पाहाले." नोकरी अर्थातच आम्हा दोघांनाही मिळाली नाही. ती आधीच कोणाला तरी देऊन झाली होती.

मग नाकाडोंगरीजवळच्या एका ठेकेदाराच्या खाणीत केमिस्टची एक जागा निघाली. नामदेवला फर्स्ट क्लास होता, ती त्याला मिळाली. मी तुमसरच्या एका दुकानात खताची पोती मोजत होतो. तो महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी यायचा, आणि त्याच्या शर्टाला पडलेली ॲसिडची भोकं मी हेव्याने पाहायचो. चौदा महिने झाले आणि एका दुपारी तो दुकानाशी येऊन उभा राहिला. अंगावर साधा शर्ट, भोकं नसलेला. चहा पिताना त्याने सगळं सांगितलं.

खाणीत खनिज फोडायचं, त्यातला दगड वेचून काढायचा आणि चांगल्या मालाचे ढीग लावायचे, हे काम बायका करत. एकेका टोळीचा एकेक ढीग. ढिगाचा नमुना प्रयोगशाळेत यायचा. त्यात मॅंगनीज ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी निघालं तर ढीग नापास. नापास म्हणजे तो ढीग त्या बायकांनी पुन्हा उकलायचा, पुन्हा फोडायचा, पुन्हा वेचायचा, आठ-आठ दिवस उन्हात, फुकट. म्हणजे पास होण्यासारखा ढीग नापास लिहिला की ठेकेदाराला तोच माल दुसऱ्यांदा वेचून आणखी चोख करून मिळे. त्या आठवड्यात मॅनेजरने नामदेवला तेवढंच सांगितलं होतं की दर चार ढिगांत एक कमी लिहीत जा.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. शेचाळीस आला होता, शेचाळीस लिवला. त्यानं कागद फाडला. मी परत शेचाळीस लिवला."

"अन?"

"तिसऱ्या कागदावर राजीनामा लिवला." त्याने बशीतला चहा संपवला. "एवढं शिकून एकच गोष्ट आपल्याले येते गा, मधू. एका दगडात काय हाये ते सांगनं. तेच खोटं सांगाचं, तं मंग आपल्याले काय येते?"

मी मान हलवली. खाणीत जागा रिकामी झाली आहे, हा विचार त्याच मानेत होता. तिसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभा होतो. मॅनेजरने माझं प्रमाणपत्र पाहिलंच नाही. विचारलं, "तुम्ही समजूतदार आहात ना?" मी म्हणालो, हो. माझ्या आयुष्यातली ही दुसरी मुलाखत, आणि तीत मी पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झालो.

मॅनेजरने मला तोंडाने कधीच काही सांगितलं नाही. सकाळी प्रयोगशाळेत गेलो की टेबलावर पेन्सिलने आकडा लिहिलेली चिठ्ठी असे. पृथक्करणाच्या आधीच उत्तर आलेलं. मी तरीही नमुना ॲसिडमध्ये विरघळवत असे, तापवत असे, थेंब थेंब परमँगनेट सोडून खरा आकडा काढत असे. का, ते आजही नीट सांगता येत नाही. प्रामाणिकपणा नव्हता. आपल्याला काम येतं याची खात्री करून घ्यायची हौस असावी. खरा आकडा कळला की फ्लास्क धुऊन ठेवायचा आणि चिठ्ठीतला आकडा सुवाच्य अक्षरात कागदावर लिहायचा. अशा रीतीने कितीतरी वर्षं त्या खाणीत खरा आकडा एकट्या मला ठाऊक असे. त्यावर मला क्वार्टर मिळालं, लग्न जमलं, आणि कॉलेजात दरवर्षी 'संधी' या विषयावर बोलायला मलाच बोलावू लागले. मी गेलो. विभागप्रमुखांचीच यादी मी वाचली. फक्त खाणीचा उल्लेख वर आणला.

नामदेव करडीला परत गेला नाही. वडील वारले तसं त्याने आईला नाकाडोंगरीत आणलं आणि पिठाच्या चक्कीमागे एक खोली घेऊन तिथे फिनाईल आणि धुण्याची पावडर करू लागला. सायकलीला बाटल्या लावून शाळेत, बँकेत, दवाखान्यात नेऊन द्यायचा. संध्याकाळी गणित-विज्ञानाची शिकवणी घ्यायचा. बाजारात त्याला 'फिनाईल बी.एस्सी.' म्हणत. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा कोपऱ्यात वळून हसलो होतो. तो मात्र मला रस्त्यात भेटला की सायकल थांबवायचा, "का बे, किती नापास केले आज?" असं सगळ्यांसमोर विचारायचा, आणि उत्तराची वाट न पाहता निघून जायचा. त्याच्या आवाजात तिरस्कार होता, पण मित्राचा. त्यात अजून मला सुधारण्याची आशा होती, असं आता वाटतं.

त्याच्या खोलीच्या मागच्या झोपड्यांत फुलवंताबाई राहायची. खाणीतल्या एका टोळीची ती मुकादमीण. तिचा ढीग एका उन्हाळ्यात लागोपाठ तीनदा नापास झाला. तीन वेळा मीच तो नापास केला होता. दगड हातात घेऊन वजनावरून माल ओळखणारी ती बाई, तिला आपला ढीग कसा आहे हे माझ्या ब्युरेटपेक्षा आधी कळायचं. ती नामदेवकडे गेली. नामदेवने तिला सांगितलं की ढिगाचा नमुना घेताना माल कुटून, पसरून, त्याचे चार भाग करतात आणि समोरासमोरचे दोन फेकून देतात. जे फेकतात त्यातलं मूठभर पदरात बांधून आणायचं. ते ढिगाचंच आहे, आणि फेकलेलं उचलायला कोणी मनाई करू शकत नाही.

चौथ्यांदा नमुना घेतला गेला तेव्हा तिने तसं केलं. नामदेवने स्पिरिटच्या शेगडीवर, कुठून तरी मिळवलेल्या जुन्या ब्युरेटने ते तपासलं आणि आकडा कागदावर लिहून, खाली सही करून तिला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा बायका ऑफिससमोर उभ्या राहिल्या. सोबत नामदेव. मॅनेजरने मला प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं. टेबलावर दोन कागद होते. माझ्या कागदावर एक्केचाळीस, त्याच्या कागदावर शेचाळीस. आदल्या दिवशी माझ्या फ्लास्कमध्ये किती आले होते ते मला ठाऊक होतं. शेचाळीसच्या थोडं वर.

मॅनेजर म्हणाला, "सांगा यांना. कोणाचं खरं?"

फुलवंताबाई माझ्याकडे पाहत होती. नामदेव माझ्याकडे पाहत नव्हता, खिडकीतून बाहेर ढिगांकडे पाहत होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "यांच्याकडे प्रयोगशाळा नाही. फिनाईलच्या बाटल्या धुऊन त्यात मॅंगनीज तपासत नसतात."

मॅनेजर हसला, दोन कारकून हसले. बायकांना विनोद कळला नाही, पण निकाल कळला. नामदेव वळला. मला वाटलं आता तो ओरडेल. तो फुलवंताबाईला म्हणाला, अगदी समजावून सांगितल्यासारखं, "बाई, हे खोटं नाई बोलले. माहा हात चुकते. कॉलेजात बी चुके. पन यायचा हात मी तीन वर्षं पाह्यला हाये, यायचा थेंब कधी चुकला नाई. म्हनून खरा आकडा यायले ठाऊक हाये." आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "येतो साहेब. तुमाले कामात तरास झाला."

साहेब. तुमाले. त्या दिवसानंतर तो मला कधीही 'बे' म्हणाला नाही. रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरायचा, "नमस्कार, बरं हाये ना?" विचारायचा, आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायचा. बाकी सगळ्या जगाशी तो पूर्वीसारखाच वाकडं बोलत असे. बँकेच्या मॅनेजरला, सरपंचाला, शाळेच्या हेडमास्तरला. मला एकट्याला त्याने मान दिला. सात वर्षं मी तो मान सहन केला. शेवटी शेवटी त्याची सायकल दिसली की मी रस्ता बदलत असे.

तो ढीग नापासच राहिला. बायकांनी आठ दिवस तो पुन्हा फोडला, आणि मग तो आधीच्या मालाबरोबर पहिल्या प्रतीचा म्हणून वॅगनमध्ये भरला गेला. पण त्या दिवशी ऑफिसात जे झालं ते गावभर झालं होतं. यानंतर प्रत्येक टोळी फेकलेल्या चौथाईतून मूठभर माल बांधून नेऊ लागली आणि प्रत्येक ढिगाचा नामदेवच्या सहीचा कागद बायकांच्या कमरेला खोचलेला असू लागला. मॅनेजरने तो कागद कधी मानला नाही. फक्त माझ्या टेबलावरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. तक्रार वर गेली तर दोन कागद समोर येतील, एवढी भीती त्याला पुरेशी होती. नामदेव या कामाचे काही घेत नसे. त्याच्या पदवीला अखेर हे काम मिळालं, जे विभागप्रमुखांच्या यादीत नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. आणि शोकसभेत ज्याला स्वयंरोजगार म्हटलं गेलं ते म्हणजे फिनाईल.

तो गेल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलावर पुन्हा चिठ्ठी आली. चार दिवसांत तीन. मॅनेजरला बातमी माझ्याइतक्याच लवकर लागली होती. पहिली चिठ्ठी मी नेहमीच्या अक्षरात कागदावर उतरवून दिली. शोकसभेतल्या भाषणानंतर बरोबर दोन दिवसांनी. हे इथे लिहून ठेवतो, कारण वाचणाऱ्याने इथपर्यंत येऊन मला पश्चात्तापी वगैरे समजू नये.

त्या रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो. मासे विकणारी ती बाई आता खूप म्हातारी झाली आहे. मला पाहून म्हणाली, "ये, मधू. तू येशीन म्हनत होतो मी. दूर राहतेस काय आता?" म्हणजे मी अर्ध्या मैलावर राहतो हे नामदेवने आईला सांगितलंच नव्हतं. तिने मला आत नेलं. तो शेवटी शेवटी काही खात नव्हता, तिने जडीबुटीवाल्याकडून काढा आणला, आणि आयुष्यभर असल्या औषधांना नावं ठेवणारा तो मुकाट्याने प्यायला, असं ती सांगत होती. "मले बरं वाटावं म्हनून पेला," ती म्हणाली. "मले कळत होतं."

खोलीच्या एका भिंतीला फळी होती. फळीवर चिंध्यांत बांधलेल्या पुड्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली कागदाची चिठ्ठी. तपासलेल्या ढिगाचा उरलेला माल त्याने कधी फेकला नव्हता. चिठ्ठीवर बाईचं नाव, दिवस आणि आकडा, प्रत्येक आकडा दोनदा तपासल्याची खूण. घाईच्या हाताने चूक होऊ नये म्हणून तो प्रत्येक नमुना दोनदा करत होता. फळीच्या टोकाला पाच पुड्या वेगळ्या होत्या. त्यांच्या चिठ्ठ्यांवर फक्त नावं होती, वेगवेगळ्या पोरांनी लिहिल्यासारखी, आकडे नव्हते.

"ह्या?"

"ह्या आता आल्या. तो गेला हे त्यायले ठाऊक हाये. तरी आनून ठेवतेत. सवय हाये." मग म्हणाली, "तू बी तेच शिकला होता ना रे?"

खाली पाटावर शेगडी, ब्युरेट, झाकलेली बाटली, सगळं जागच्या जागी. मी बसलो. मांडी घालून ब्युरेट वाचायला मान वाकडी करावी लागते, हे मला तेव्हा कळलं. तिसरा नमुना चालू असताना दारात सावली आली. फुलवंताबाई. हातात पुडी. तिने आत पाहिलं, पाटावर कोण बसलं आहे ते पाहिलं, आणि पुडी पदराखाली घेतली. म्हातारीला म्हणाली, "उद्या येतो, माय." मी म्हणालो, "बाई, ठेवून जा. मी करतो." ती म्हणाली, "तुमी कराच हो. तुमाले तं रोजच काम हाये." आणि गेली.

मी पाचही नमुने केले, दोनदा. आकडे चिठ्ठ्यांवर लिहिले आणि वेगळ्या कागदांवर उतरवून खाली माझी सही केली. त्यातल्या दोन ढिगांच्या खाणीतल्या कागदावरही माझीच सही आहे. आकडा वेगळा आहे. नापासाचा कागद टोळीच्या हाती देतातच, म्हणून हे दोन्ही कागद आता बायकांकडे आहेत, आणि हा लेख छापून येईल तेव्हा तो मॅनेजरच्या टेबलावरही असेल. पुढे काय होईल ते होईल. निदान कॉलेजवाले यंदा 'संधी'वर बोलायला मला बोलावणार नाहीत.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा फळीच्या टोकाला काही नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. म्हातारी मला चहा देई, मी पाटावर तासभर बसे आणि परत येई. परवाच्या रविवारी एक पुडी होती. चिठ्ठी बांधलेली, पण चिठ्ठीवर नाव नव्हतं. ढीग कोणाचा ते मला कळू नये, म्हणून कोरीच ठेवली होती. मी शेगडी पेटवली.